मंडळाने ब्लॅक हिस्टरी मंथ कसा साजरा करावा?

टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या शुगरलँडच्या एका मराठी मंडळाच्या कार्यकारिणीकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा: येत्या फेब्रुवारीत पहिल्यांदाच ब्लॅक हिस्टरी मंथचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्याचा, कार्यक्रम करायचा आहे. शनिवारी संध्याकाळी हॉल घेतला आहे. एक पाहुणा वक्ता, मुलांची वेशभूषा स्पर्धा (मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, ओबामा), मग हिप-हॉपवर नाच आणि शेवटी जेवण. यात काय बदल सुचवाल?

ह्यूस्टन परिसरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांमध्ये लोकांसाठी कार्यक्रम आखण्यात माझी नोकरीतली बहुतेक वर्षं गेली. त्यातले बरेच कार्यक्रम कृष्णवर्णीय चर्च, शाळा आणि वस्त्यांबरोबर झाले. मंडळाला हे करावंसं वाटलं याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणूनच मोकळेपणाने लिहिते.

सगळ्यात आधी वेशभूषा स्पर्धा रद्द करा. आपल्याकडे गॅदरिंगमध्ये पोरांना टिळक, शिवाजी महाराज, जिजाबाई करायची पद्धत आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इथे मात्र कुणीतरी हौशी आई मुलाच्या चेहऱ्याला काळा रंग लावून आणणार, ही भीती खरी आहे. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काजळी फासून रंगमंचावर गुलामांची टिंगल करायचे आणि प्रेक्षक पोट धरून हसायचे. पुढे ज्या वंशभेदी कायद्यांनी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं जगणं जखडून टाकलं, त्यांना ‘जिम क्रो’ हे नाव अशाच एका सोंगातल्या पात्रावरून पडलं. समोर बसलेल्या सत्तर वर्षांच्या कृष्णवर्णीय आजींना त्या काळ्या रंगात या टिंगलीशिवाय काहीही दिसणार नाही. मुलांना त्या माणसांबद्दल बोलू द्या, त्यांचं भाषण वाचू द्या, चित्र काढू द्या. सोंग नको.

दुसरी सूचना ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. तुमचा कार्यक्रम फेब्रुवारीत करू नका. या महिन्यात कृष्णवर्णीय वक्ते, इतिहासकार, गायकवृंद आणि पास्टर (चर्चचे धर्मगुरू) यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. वर्षभर न आठवणारी प्रत्येक कंपनी आणि प्रत्येक शाळा त्याच चार आठवड्यांत त्यांना बोलावते. तुम्ही फेब्रुवारीत त्यांच्या कार्यक्रमांना जा. प्रेक्षक म्हणून जा, खुर्च्या लावायला जा. स्वतःचा कार्यक्रम एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठेवा. चांगला वक्ता मिळेल, त्याला वेळ असेल आणि तुम्ही केवळ कॅलेंडर बघून बोलावलं नाही हेही त्याला कळेल.

हा महिना ज्यांच्यामुळे सुरू झाला त्या कार्टर वुडसन यांचा विचारही काहीसा असाच होता. त्यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. ते स्वतः तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबले आणि 1912 मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. 1926 मध्ये त्यांनी फेब्रुवारीतला एक आठवडा कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी ठरवला. तारखा त्यांनी हवेतून काढल्या नव्हत्या. 12 फेब्रुवारीला लिंकनचा आणि 14 फेब्रुवारीला, गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचा जन्मदिवस वस्त्यावस्त्यांत आधीपासून साजरा होत होता. जे लोक करतच होते त्याला वुडसननी अभ्यासाची जोड दिली. शिक्षकांना चित्रं, छोटी नाटकं, पाठ यांचे संच पाठवले. शाळेने वर्षभर जे शिकवलं ते त्या आठवड्यात मांडावं, अशी त्यांची अपेक्षा होती. आठवड्याचा महिना केंट स्टेट विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 1970 मध्ये करून दाखवला आणि 1976 मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली. थोडक्यात, हा सण सरकारने दिलेला नाही. तो खालून वर गेला आहे.

आता मुख्य मुद्दा. कार्यक्रम तुमच्या पायाखालच्या जमिनीबद्दल करा. किंग आणि रोझा पार्क्स यांची पोस्टरं मुलं शाळेत दरवर्षी बघतात. ती माणसं थोरच आहेत. पण अटलांटा आणि मॉन्टगोमेरी दूर आहेत, आणि दूरच्या अन्यायाबद्दल हळहळणं सोपं असतं. तुम्ही राहता त्या फोर्ट बेंड काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, काय घडलं, हे मंडळातल्या किती जणांना माहीत आहे?

फेब्रुवारी 2018 मध्ये शुगरलँडमध्ये फोर्ट बेंड स्कूल डिस्ट्रिक्टच्या (इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) एका नव्या इमारतीचं खोदकाम चालू असताना हाडं सापडली. शोध घेतला तेव्हा 95 जणांच्या कबरी निघाल्या. गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत एक फट होती: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी चालेल. दक्षिणेतल्या राज्यांनी ती फट रुंद केली. कामाशिवाय भटकणं, किरकोळ चोरी अशा कारणांवरून कृष्णवर्णीय माणसांना पकडायचं, तुरुंगात टाकायचं आणि मळेवाल्यांना भाड्याने द्यायचं. विकत घेतलेला गुलाम मेला तर मालकाचं भांडवल बुडायचं. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळायचा. शुगरलँडच्या दलदलीतल्या उसाच्या मळ्यांवर ही माणसं राबली आणि तिथेच पुरली गेली. त्यांच्यात जेमतेम चौदा वर्षांचा मुलगाही असावा, असा हाडांवरून अंदाज निघाला.

आणि हे सापडण्याच्या कितीतरी आधीपासून रेजिनाल्ड मूर नावाचे एक गृहस्थ सांगत होते की इथे कबरी आहेत, खणताना जपा. ते पूर्वी तुरुंगात रक्षक म्हणून काम करत. जवळच्या जुन्या इंपीरियल फार्म दफनभूमीची देखभाल ते आपणहून करायचे, कागदपत्रं गोळा करायचे, अधिकाऱ्यांच्या दारात जायचे. 2019 च्या नोव्हेंबरात त्या 95 जणांचं त्याच जागी पुन्हा दफन झालं. मूर 2020 मध्ये गेले. त्यांनी जमवलेला संग्रह राइस विद्यापीठात आहे आणि तो पाहता येतो. तुमच्या गावाच्या नावात साखर का आहे, याचं उत्तर त्या कागदांत आहे. एखाद्या रविवारी वीस-पंचवीस जण मुलांना घेऊन त्या जागेपाशी गेलात, दोन माणसं नीट वाचून आली आणि त्यांनी माहिती सांगितली, तरी तो हॉलमधल्या कार्यक्रमापेक्षा मोलाचा होईल. मात्र ती दफनभूमी आहे. आधी स्कूल डिस्ट्रिक्टला विचारा. तिथे सेल्फी नकोत आणि डबेही नकोत.

दुःखाबरोबर कर्तृत्वही सांगा, नाहीतर मुलांच्या मनात कृष्णवर्णीय म्हणजे फक्त सोसणारी माणसं असं बसतं. याच काउंटीत वॉल्टर मोझेस बर्टन होऊन गेले. गुलाम म्हणून टेक्सासला आणले गेलेले बर्टन 1869 मध्ये फोर्ट बेंडचे शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलीसप्रमुख, म्हणून निवडून आले. देशात निवडणुकीने शेरीफ झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीयांपैकी ते एक. पुढे ते राज्याच्या सिनेटमध्ये गेले. मग 1888-89 च्या सुमारास काउंटीचं मुख्य ठाणं असलेल्या रिचमंडमध्ये गोऱ्यांच्या ‘जेबर्ड’ गटाने बंदुकीच्या जोरावर सत्ता हिसकावली आणि काउंटीच्या राजकारणातून कृष्णवर्णीयांना हद्दपार केलं. या जेबर्ड गटाने एक खासगी संघटना काढली. फक्त गोऱ्यांनी तिथे आधी मतदान करायचं, तिथे जिंकेल तोच पुढे खऱ्या निवडणुकीत जिंकणार. साठेक वर्षं हे चाललं. ते मोडलं ते स्थानिक लोकांनीच. रिचमंडच्या व्यावसायिक ॲरिझोना फ्लेमिंग, शेतकरी विली मेल्टन, जॉन टेरी अशा मंडळींनी खटला भरला आणि 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘टेरी विरुद्ध ॲडम्स’ या खटल्यात तो प्रकार घटनाबाह्य ठरवला. बर्टन आणि फ्लेमिंग या दोघांच्याही नावाच्या प्राथमिक शाळा फोर्ट बेंड डिस्ट्रिक्टमध्ये आहेत. तुमच्यातली काही मुलं तिथेच शिकत असतील. ‘त्या शाळेला जिचं नाव आहे ती बाई कोण होती?’ एवढा एक प्रश्न घेऊन आठवी-नववीच्या मुलांचा गट महिनाभर काम करू शकतो. वेशभूषेच्या जागी हे ठेवा. मुलं ग्रंथालयात जातील, जुनी वर्तमानपत्रं चाळतील, आणि कार्यक्रमात जे मांडतील ते त्यांचं स्वतःचं असेल. ह्यूस्टनमध्ये फ्रीडमन्स टाउनमधल्या ग्रेगरी स्कूलच्या इमारतीत आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं संशोधन केंद्र आहे. ते ह्यूस्टन सार्वजनिक ग्रंथालयाचाच भाग आहे आणि तिथले लोक शाळकरी मुलांना आपुलकीने मदत करतात.

या जेबर्ड प्रकरणाला धरून एक साधी गोष्ट सुचवते. कार्यक्रमाच्या दाराशी मतदार नोंदणीचं टेबल ठेवा. टेक्सासमध्ये नोंदणीचे अर्ज स्वीकारण्यासाठी काउंटीने नेमलेले स्वयंसेवक लागतात. तुमच्यातले दोघेतिघे ते प्रशिक्षण घेऊ शकतात. मंडळातल्या कितीतरी लोकांनी नागरिकत्व घेऊनही नाव नोंदवलेलं नसतं.

आता, कुणाबरोबर करायचं? तुमच्या बेतात पाहुणा वक्ता सोडला तर एकही कृष्णवर्णीय माणूस नाही. असा कार्यक्रम आपण आपल्यासाठी केलेला होतो. जवळच्या एखाद्या कृष्णवर्णीय चर्चशी ओळख करून घ्या. फोनवर निमंत्रण देऊन ही ओळख होत नाही. दोन-तीन रविवार प्रार्थनेला जा. तुम्ही वेगळ्या धर्माचे आहात याचं तिथे कुणालाही वावडं नसतं, दारातच मिठी मारून आत घेतात. मग कार्यालय सांभाळणाऱ्या बाईंना भेटा. पास्टर निर्णय घेतात हे खरं, पण कुठली तारीख मोकळी आहे, कुणाच्या आजोबांना जुन्या गोष्टी ठाऊक आहेत, गायकवृंदाचं कोण बघतं, हे सगळं त्यांना माहीत असतं. आणि पहिला प्रश्न ‘आमच्या कार्यक्रमाला याल का?’ हा नको. ‘तुमच्याकडे काय चाललंय आणि आम्ही कुठे उपयोगी पडू?’ असं विचारा. ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला त्यांना कदाचित माणसं हवी असतील. आपल्यातल्या निम्म्या लोकांना कॅमेरा, संपादन, संगणक यातलं काही ना काही येतं. ते तिथे लावा.

पैशांबद्दल मी फार आग्रही आहे. वक्त्याला, गायकांना, स्वयंपाक करणाऱ्यांना मानधन द्या, आणि आकडा पहिल्याच पत्रात लिहा. ‘तुम्हाला चांगलं व्यासपीठ मिळेल’ हे वाक्य या माणसांनी जन्मभर ऐकलं आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला पुण्या-मुंबईहून कलाकार आणताना आपण तिकीट, हॉटेल, मानधन सगळं देतो. मग गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गाणाऱ्या गायकवृंदाने फुकट का गावं? त्यांना कार्यक्रमाच्या मधे जागा भरायलाही बसवू नका. पूर्ण वेळ द्या, चांगला ध्वनिक्षेपक द्या आणि ते गात असताना मागे जेवणाची भांडी वाजू देऊ नका. कृष्णवर्णीयांचं राष्ट्रगीत म्हणून ओळखलं जाणारं गीत ते गातील तेव्हा सगळ्यांनी उभं राहायचं, हे सभागृहाला आधी सांगून ठेवा.

हिप-हॉपचं नृत्य ठेवायचं असेल तर ते शिकवायला त्या परंपरेतला माणूस बोलवा. 1973 च्या सुमारास ब्रॉंक्सच्या गरीब वस्तीत हे कसं उभं राहिलं, हे तो पाच मिनिटांत सांगेल. मग मुलं नाचतील तेव्हा त्यांना आपण काय नाचतोय हे कळेल.

जेवणाकडे मी खूप लक्ष देते, कारण ओळख तिथे होते. कृष्णवर्णीयांच्या मालकीचं केटरिंग घ्या. शाकाहारी मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं की कोलार्डची पालेभाजी आणि चवळी बहुधा धुरी दिलेल्या डुकराच्या किंवा टर्कीच्या मांसाबरोबर शिजवतात. मांसाशिवाय वेगळं पातेलं करून द्याल का, असं आधी विचारा. आनंदाने देतात. पण ‘बार्बेक्यू नकोच’ असा हट्ट धरू नका. त्यांचा सण आहे, त्यांचं ताट असू द्या. आपल्या बाजूने काय न्यायचं म्हणाल तर ज्वारी, बाजरी आणि नाचणीची भाकरी न्या, बरोबर चवळीची उसळ. ही चारही धान्यं मूळची आफ्रिकेतली. माणसाने ती तिथे पहिल्यांदा पिकवली आणि हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. चवळी गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेतही पोचली आणि आज टेक्सासमध्ये नववर्षाच्या दिवशी शुभ म्हणून खातात. एकाच टेबलावर दोन्ही प्रकारची चवळी आणि शेजारी एक नकाशा ठेवला की लोक आपणहून बोलायला लागतात.

आपल्या इतिहासातून काय सांगावं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एक मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, 1610 मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिथे नहरीने पाणी खेळवलं. 1626 मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. कृष्णवर्णीय श्रोत्यांसमोर मी ही गोष्ट सांगितली आहे आणि सभागृहात इतकी शांतता मी क्वचित अनुभवली आहे. आफ्रिकेतून माणसं पूर्वेलाही नेली गेली आणि त्यांनी तिथे राज्यं चालवली, हे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

दुसरी गोष्ट जोतीराव फुल्यांची. 1873 मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला, त्यांना अर्पण केलं. पुण्यात बसून एका माणसाने टेक्सास-जॉर्जियातल्या मुक्तीत शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीची आशा पाहिली. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांनी मांडलेल्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती आणि ड्युबॉइस यांनी सहानुभूतीने उत्तर दिलं. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव आणि ठिणगी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ पक्षाकडून घेतली. हे सगळं जरूर सांगा. पण कोण सांगतंय याचं भान ठेवा. ‘आम्हीही सोसलं आहे’ असं म्हणण्याचा अधिकार मंडळातल्या सगळ्यांना सारखा नाही. ज्यांची घरं जातीच्या उतरंडीत वर होती त्यांनी फुले-आंबेडकरांच्या आडून स्वतःला पीडितांच्या रांगेत उभं करू नये. ह्यूस्टन परिसरात आंबेडकरी घरातले मराठी लोक आहेत. ते मंडळात फारसे दिसत नसतील तर का दिसत नाहीत, हा प्रश्न याच निमित्ताने कार्यकारिणीत चर्चेला घ्या आणि त्यांना मंचावर सन्मानाने बोलवा.

आणखी एक सांगणं आहे, ते घरातलं. गोऱ्या सुनेचं कौतुक आणि कृष्णवर्णीय जावयाचं नाव काढताच घरात पसरणारा ताण मी जवळून पाहिला आहे. ‘त्या भागात घर घेऊ नका’, ‘त्या मुलांशी फार मैत्री नको’ ही वाक्यं जेवणाच्या टेबलावर मराठीत बोलली जातात आणि मुलं ती ऐकतात. कार्यक्रमाआधी मंडळाच्या मोठ्यांची फक्त आपापसातली एक बैठक घ्या आणि यावर बोला. त्या बैठकीत हेही सांगा की 1965 पूर्वी भारतीयांना या देशात येण्यासाठी वर्षाला 100 जणांचा कोटा होता. वंशावर आधारलेली ती व्यवस्था ज्या वर्षी मोडली त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदा झाला. एकाच चळवळीने तयार केलेल्या वातावरणात दोन्ही झालं. त्या चळवळीत लाठ्या खाल्लेल्या माणसांमुळे आपले व्हिसा शक्य झाले.

शेवटी जूनटीन्थबद्दल, कारण तुम्हाला एकच दिवस निवडायचा असेल तर टेक्सासमध्ये तो 19 जून आहे. लिंकनच्या मुक्तीच्या घोषणेनंतर अडीच वर्षांनी, 19 जून 1865 ला जनरल ग्रेंजर यांनी गॅल्व्हस्टनमध्ये जनरल ऑर्डर क्रमांक 3 काढली आणि टेक्सासमधल्या सुमारे अडीच लाख गुलामांना ते मुक्त असल्याचं सांगितलं गेलं. 1872 मध्ये रेव्हरंड जॅक येट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून ह्यूस्टनमध्ये दहा एकर जागा घेतली ती हा दिवस साजरा करण्यासाठीच. तेच आजचं इमॅन्सिपेशन पार्क. एक काळ असा होता की शहरात कृष्णवर्णीयांना खुलं असलेलं ते एकमेव सार्वजनिक उद्यान होतं. राज्याची सुट्टी 1980 पासून, देशाची 2021 पासून. त्या दिवशी स्वतःचं काही करू नका. उद्यानात जा, नाहीतर तासाभराच्या अंतरावर गॅल्व्हस्टनला जा. तिथे ती ऑर्डर जाहीरपणे वाचली जाते. मुलांना ती आधी पूर्ण वाचायला लावा. पहिल्या भागात हक्कांची संपूर्ण समानता आहे आणि पुढच्याच ओळींत मुक्त झालेल्यांनी आहे तिथेच शांतपणे राहून मजुरीवर काम करावं, असा सल्ला आहे. पुढची शंभर वर्षं कशी जाणार होती ते तिथेच कळतं.

जूनमधलं ऊन जीवघेणं असतं. सकाळी लवकर निघा, ज्येष्ठांसाठी घडीच्या खुर्च्या घ्या, पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. लाल सरबत आणि लाल केक दिसले की घ्या, तो रंग त्या दिवसाचा आहे. तुमचा स्वतःचा कार्यक्रम ऑक्टोबरात ठरला तर चर्चला पत्र मेमध्येच गेलं पाहिजे. हॉलवाले विम्याचं प्रमाणपत्र मागतील आणि बाहेरचं जेवण असेल तर तात्पुरती परवानगी लागते का, हे शहराकडे किंवा काउंटीकडे विचारावं लागेल. ही दोन कामं एका माणसाच्या नावावर आजच लिहून टाका.